प्रबंधाची तीन वर्षे, बाळाची तीस वर्षे

ऑकलंडच्या आग्नेयेला, टामाकी खाडीच्या पलीकडे, ईस्ट टामाकी नावाचा भाग आहे. एकेकाळी इथे दुभत्या गाईंची कुरणे होती. आता हायब्रुकची गोदामे आहेत, कारखाने आहेत आणि त्यांच्यातच फिशर अँड पायकेल हेल्थकेअर या कंपनीचे मुख्य केंद्र आहे. रुग्णाच्या श्वासात जाणारी हवा उबदार आणि दमट करणारी उपकरणे ही या कंपनीची ओळख. 1970च्या सुमारास पहिला नमुना तयार झाला, तेव्हा त्यात फळे टिकवण्याची काचेची बरणी वापरली होती. आज इथली काही उपकरणे खास अकाली जन्मलेल्या बाळांसाठी असतात. फुप्फुसे अजून कच्ची, छातीचा पिंजरा मुठीएवढा, अशा बाळाला श्वास घ्यायला ती मदत करतात.

मानसशास्त्राचे प्रकरण श्वासाच्या यंत्रापासून सुरू करायला कारण आहे. बाळाला जगवणे हे डॉक्टरांचे काम. ते जगले की घरचे पेढे वाटतात आणि ते योग्यच आहे. पण जगलेले ते मूल पुढे कसे बोलेल, शाळेत त्याचे लक्ष लागेल का, तिशीत त्याचे मन कसे असेल, हेही कुणीतरी विचारायला हवे. ऑकलंडने ते विचारले आणि उत्तरासाठी तीस वर्षे वाट पाहिली.

ही गोष्ट 1969 साली सुरू होते. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये माँट लिगिन्स हे प्रसूतितज्ज्ञ मेंढ्यांवर प्रयोग करत होते. प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. गर्भातल्या कोकरांना स्टेरॉइड दिल्यावर ती फार लवकर जन्मली. इतक्या लवकर जन्मलेले कोकरू श्वास घेऊच शकणार नाही, अशी अपेक्षा होती. एक कोकरू मात्र श्वास घेत होते. लिगिन्सनी ती विसंगती सोडून दिली नाही. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना सोबत घेऊन त्यांनी मुदतीआधी बाळंत होण्याचा धोका असलेल्या मातांना बीटामेथासोन हे स्टेरॉइड देऊन चाचणी घेतली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दुसरे इंजेक्शन, आणि कुणाला काय मिळते ते चिठ्ठ्यांवर सोपवलेले. 1972 साली 282 मातांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपोआप अकाली झालेल्या प्रसूतींमध्ये बाळांना श्वासाचा गंभीर त्रास होण्याचे प्रमाण सुमारे 26 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आले होते. आज हे इंजेक्शन जगभर दिले जाते, पुण्यामुंबईतल्या प्रसूतिगृहांतही.

पण स्टेरॉइड हे साधेसुधे औषध नव्हे. मेंदूची बांधणी चालू असताना ते आईच्या रक्तातून गर्भात पोहोचते. त्याची किंमत मुलाला पुढे कधी चुकवावी लागली तर? या शंकेचे उत्तर देण्याचा एकच मार्ग होता. चाचणीतल्या बाळांना मोठेपणी शोधून काढायचे. ऑकलंडच्या संशोधकांनी ते केले. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी 192 जणांना तपासले. सगळे तिशीच्या आसपासचे. बुद्धी, कामापुरती स्मृती, लक्ष, मानसिक आजार, आयुष्याची गुणवत्ता यांपैकी कशातही औषध मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. ‘फरक नाही’ हे उत्तर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही. पण ज्या आईच्या दंडात आज ते इंजेक्शन दिले जाते, तिच्यासाठी त्याहून मोलाचे उत्तर नाही.

उपयोजित विकासात्मक मानसशास्त्र म्हणतात ते हेच. मूल कसे वाढते, हे नुसते जाणून घेऊन हा विषय थांबत नाही. आपण प्रौढ माणसे मुलांच्या आयुष्यात जे काही करतो, मग ते औषध असो, शाळा असो, घटस्फोटाचा कायदा असो की घरभाड्याचे अनुदान, त्याने वाढीची वाट कशी वळते, हे तो तपासतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी 1979 साली आपल्या ग्रंथात मांडले की मूल एकटे वाढत नाही. घर, शाळा, आईवडिलांची नोकरी, सरकारी धोरण अशी एकात एक वर्तुळे त्याच्याभोवती असतात. हा सिद्धांत पाहायचा असेल तर ईस्ट टामाकीइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. एका बाजूला ओटारा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सरकारी घरांची वसाहत म्हणून तो उभा राहिला. तिथे प्रामुख्याने माओरी आणि पॅसिफिक बेटांवरची कुटुंबे राहतात, आणि देशाच्या वंचिततेच्या निर्देशांकात हा भाग तळाशी असतो. दुसऱ्या बाजूला ईस्ट टामाकी हाइट्सची टेकडीवरची घरे आहेत, आणि पलीकडे फ्लॅट बुश, जिथे गेल्या दोन दशकांत चिनी आणि भारतीय कुटुंबांनी घरे घेतली. ही अंतरे मोटारीने काही मिनिटांची. तिथे वाढणाऱ्या दोन मुलांच्या भोवतालची वर्तुळे मात्र बरीच वेगळी.

या विषयात डॉक्टरेट करायची तर वाट कशी असते, ते आता पाहू. न्यूझीलंडमध्ये पीएच.डी. सर्वसाधारणपणे तीन ते चार वर्षांची असते. आपल्याकडे नोंदणीनंतर कोर्सवर्क करावे लागते, अमेरिकेत तर दोनेक वर्षे वर्गच भरतात. न्यूझीलंडमध्ये तसे नाही. पहिल्या दिवसापासून विद्यार्थी आणि त्याचा प्रश्न समोरासमोर असतात. ऑकलंड विद्यापीठात पहिले वर्ष तात्पुरत्या नोंदणीचे धरतात. त्या काळात संशोधनाचा पूर्ण आराखडा, लेखनाचा नमुना आणि नैतिक समितीची मंजुरी यांची पूर्तता झाली, तरच नोंदणी पक्की होते. शेवटी प्रबंध, कमाल एक लाख शब्दांचा, मग बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आणि तोंडी परीक्षा. 2006 पासून परदेशी पीएच.डी. विद्यार्थ्यांना स्थानिकांइतकीच फी पडते, म्हणून भारतातून जाणाऱ्यांना हा रस्ता परवडतो. एक गोष्ट मात्र जाणाऱ्याने आधीच समजून घ्यावी. ही पदवी मिळाली म्हणून मुलांवर उपचार करता येत नाहीत. ‘मानसशास्त्रज्ञ’ म्हणून काम करायला तिथल्या मानसशास्त्रज्ञ मंडळाकडे वेगळी नोंदणी लागते, आणि तिच्यासाठीचे प्रशिक्षण वेगळे असते.

अडचण वेळेची आहे. प्रबंधाला तीन वर्षे, आणि मुलाला वाढायला वीस. तीन वर्षांच्या मुलाशी आपण जसे बोलतो त्याचा पंधराव्या वर्षी त्याच्या मनावर काय परिणाम होतो, असा प्रश्न घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याने काय करायचे? बारा वर्षे शिष्यवृत्ती कुणी देत नाही. म्हणून या विषयातला जवळजवळ प्रत्येक चांगला प्रबंध दुसऱ्यांच्या वर्षांवर उभा असतो. आधीच्या संशोधकांनी पेरून ठेवलेली वर्षे, आणि त्याहून जास्त, हजारो कुटुंबांनी दिलेली वर्षे. न्यूझीलंडसारखा लहान देश या विषयात इतका पुढे कसा, याचे उत्तर मला इथेच दिसते. त्या देशाने ही साठवण करून ठेवली.

सर्वांत प्रसिद्ध साठा डनेडिन शहराचा. 1 एप्रिल 1972 ते 31 मार्च 1973 या वर्षात तिथल्या क्वीन मेरी प्रसूतिगृहात जन्मलेल्या मुलांपैकी 1,037 मुलांना मानसशास्त्रज्ञ फिल सिल्व्हा यांनी तीन वर्षांची असताना तपासले. तेव्हापासून दर काही वर्षांनी ती तपासली जातात. आता ती पन्नाशी ओलांडलेली माणसे आहेत. कुणी लंडनला असो की सिडनीला, तपासणीसाठी त्यांना विमानाने डनेडिनला आणले जाते. पंचेचाळिसाव्या वर्षीच्या फेरीत हयात असलेल्या 997 पैकी 938 जण आले. चौऱ्याण्णव टक्के! मोठ्या पाहणीत इतक्या वर्षांनी इतके लोक क्वचितच सापडतात. याच माहितीतून टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवले की बालपणीचा स्वतःवरचा ताबा जितका कमी, तितके मोठेपणी आजार, कर्ज आणि गुन्ह्याच्या शिक्षा यांचे प्रमाण जास्त. बुद्धी आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावरही हा उतार टिकला.

पण डनेडिनची मुले बहुतांश गोरी होती. ईस्ट टामाकीसारख्या वस्तीबद्दल ती फारसे सांगू शकत नव्हती. ते काम शेजारच्या मिडलमोर हॉस्पिटलने सुरू करून दिले. 2000 साली तिथे जन्मलेल्या 1,398 पॅसिफिक बाळांचा अभ्यास ऑकलंडच्या एयूटी विद्यापीठाने हाती घेतला. जवळजवळ निम्म्या माता सामोआन होत्या, शिवाय टोंगा आणि कुक बेटांवरच्या. बाळ सहा आठवड्यांचे झाले की त्या समाजातलीच, इंग्रजीबरोबर त्यांची भाषा बोलणारी स्त्री घरी जाऊन मुलाखत घेई. त्यानंतर ‘ग्रोइंग अप इन न्यूझीलंड’ आला. 2009-10 मध्ये ऑकलंड, काउंटीज मानुकाऊ आणि वायकाटो या आरोग्य विभागांत बाळंत होणार असलेल्या 6,822 गर्भवतींपासून त्याची सुरुवात झाली. ईस्ट टामाकी काउंटीज मानुकाऊमध्येच येतो. सुझन मॉर्टन यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या अभ्यासात बाळांचे वडीलही गर्भारपणातच मुलाखतीला बसले, चार हजारांहून अधिक. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मुलाच्या वाढीच्या संशोधनात वडील दशकानुदशके गैरहजर राहिले आहेत. या अभ्यासाची नावे काढून टाकलेली माहिती बाहेरच्या संशोधकांना, डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांसकट, रीतसर अर्ज करून मिळते.

साठ्यावर उभे राहणे म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणातून नीट कळते. ओटागो विद्यापीठातल्या एलेन रीझ यांनी शंभराहून अधिक माता आणि त्यांची दीड वर्षांची मुले निवडली. निम्म्या मातांना वर्षभर एक साधी गोष्ट शिकवली. घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मुलाशी कसे बोलायचे. आपल्या घरातले उदाहरण घेऊ. “आज बागेत मज्जा आली ना, बाळा?” या प्रश्नाला मूल मान हलवते आणि विषय संपतो. “बागेत तो मोठा कुत्रा आला तेव्हा तू कुठे लपलास रे?” असे विचारले की मूल शब्द शोधू लागते. ते जे काही बोलेल त्याला दाद द्यायची, त्यात थोडी भर घालायची, पुन्हा विचारायचे. प्रशिक्षण एवढेच. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत प्रशिक्षण मिळालेल्या मातांची मुले आपल्या आठवणी अधिक भरघोसपणे सांगत होती. इथे एक प्रबंध पूर्ण होऊ शकतो. पण रीझ यांच्या गटाने ती कुटुंबे सोडली नाहीत. मुले पंधरा वर्षांची झाली तेव्हा त्यांना आयुष्याला वळण देणाऱ्या प्रसंगांबद्दल विचारले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या या टप्प्यात असे दिसले की प्रशिक्षण मिळालेल्या मातांची मुले त्या प्रसंगांचा अर्थ अधिक जुळवून सांगत होती आणि त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी होती. त्या एका वर्षातल्या गप्पा पंधराव्या वर्षापर्यंत पुरल्या. त्या काळात संशोधक विद्यार्थी आले आणि गेले. कुटुंबे तीच राहिली.

याच ओटागोमध्ये हार्लीन हेन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एक वेगळीच तुलना मांडली होती. प्रौढांना त्यांची सर्वांत जुनी आठवण कोणत्या वयातली, हे विचारले. युरोपीय वंशाच्या न्यूझीलंडकरांची ती सरासरीने साडेतीन वर्षांच्या आसपासची निघाली. माओरींची मात्र तिसऱ्या वाढदिवसाच्याही आधीची. पुढे संशोधकांनी माता मुलांना त्यांच्या जन्माची गोष्ट कशी सांगतात ते ऐकले, तेव्हा माओरी मातांच्या सांगण्यात तपशील अधिक सापडले. ज्या समाजात वंश, पूर्वज आणि जन्म यांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते, तिथे आठवण लवकर रुजते, असा अंदाज यातून बांधता येतो. तू झालास तेव्हा किती पाऊस होता, आजोबा पेढे घेऊन कुठल्या गाडीने आले, बारशाला नाव कुणी सुचवले, हे आपल्याकडेही आजी नातवाला सांगतेच. मग ऑकलंडला वाढणाऱ्या, आजीला फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहणाऱ्या मराठी मुलाला ही गोष्ट कोण सांगते, कोणत्या भाषेत, आणि किती वेळा? हा चांगल्या प्रबंधाचा विषय आहे.

समजा, फ्लॅट बुश आणि ईस्ट टामाकीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांवर एखादी विद्यार्थिनी काम करायला निघाली. पहिला खडक मोजपट्टीचा. ‘ग्रोइंग अप’च्या संशोधकांनी दोन वर्षांच्या मुलांच्या भाषेसाठी शब्दांच्या याद्या वापरल्या. मूल यांतले कोणते शब्द बोलते, त्यावर आई खुणा करते. सामोआन, टोंगन आणि माओरीसाठीही अशा याद्या तयार झाल्या. मराठीचा नंबर त्यांत लागला नाही. लहान समाजाचा तो सहसा लागतही नाही. इंग्रजी यादीचे भाषांतर करून भागत नाही. मराठी तान्ह्याचे पहिले शब्द भुभू, माऊ, भूर, मंमं, दुदू असे असतात, आणि नात्यांची गर्दी तर विचारूच नका. आजी, आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी हे शब्द इंग्रजीत दोनचार खुणांत बसतात. शिवाय मूल मराठीत चाळीस आणि इंग्रजीत तीस शब्द बोलत असेल, तर फक्त इंग्रजी मोजणाऱ्याला ते मागे पडलेले दिसेल.

दुसरा खडक अधिक अवघड, कारण तो दिसत नाही. न्यूझीलंडमध्ये मूल पाचव्या वाढदिवसाच्या सुमारास शाळेत जाते. त्याआधी, चौथ्या वर्षी, प्रत्येकाची मोफत तपासणी होते आणि तीत मुलाच्या वागण्याबद्दल पंचवीस वाक्यांची एक प्रश्नावली पालक भरतात. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची ही प्रश्नावली जगभर वापरतात. ‘मोठ्यांचे ऐकतो’ अशा अर्थाच्या वाक्यापुढे साताऱ्याकडची आई आणि डनेडिनची आई एकाच मुलाबद्दल एकच खूण करतील का? एकीला प्रश्न विचारणारे मूल उद्धट वाटेल, दुसरीला तेच चौकस. आकडा सारखा आला म्हणून त्याचा अर्थ सारखा होत नाही. हा फरक सांख्यिकीने तपासता येतो, आणि उपयोजित प्रबंधातली निम्मी मेहनत अशा तपासण्यातच जाते. ती रूक्ष वाटते. पण चुकीच्या मोजपट्टीने मुलावर ‘समस्याग्रस्त’ असा शिक्का बसला, तर तो शाळेत वर्षानुवर्षे त्याच्यासोबत फिरतो.

आणि तिसरी गोष्ट, घराच्या दारातून आत जाण्याची परवानगी. ती केवळ सहीच्या कागदाने मिळत नाही. माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी 1999 साली लिहिलेल्या ग्रंथात स्थानिक समाजांच्या नजरेतून संशोधनाचा इतिहास तपासला. बाहेरून कुणी आले, मोजून गेले, पुस्तके छापली, आणि ज्यांना मोजले त्यांच्या हाती काहीच आले नाही. त्यानंतर न्यूझीलंडमधल्या नैतिक समित्या विद्यार्थ्याला कठोर प्रश्न विचारतात. प्रश्न कुणी ठरवला? माहिती कुणाच्या ताब्यात राहील? निष्कर्ष कुटुंबांना त्यांना कळेल अशा भाषेत परत कसे देणार? पालकांची संमती लागते, आणि मुलाचीही, त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत. मुलाने “नको” म्हटले की तिथेच थांबायचे. मुलाखतीत मारहाणीची गोष्ट बाहेर आली तर काय करायचे, हेही आधीच लिहून द्यावे लागते. विद्यार्थ्याला ही कागदपत्रे जाचक वाटतात. मला ती या विषयाचा कणा वाटतात. कारण ज्या कुटुंबाचा एकदा विश्वास तुटला, ते पाच वर्षांनी पुन्हा दार उघडत नाही, आणि मग पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती तुटलेली साखळी येते.

साखळी पैशानेही तुटते. ‘ग्रोइंग अप’चा निधी मध्यंतरी आखडला, तेव्हा आठव्या वर्षीच्या फेरीसाठी नमुना मोठ्या प्रमाणात छाटण्याची वेळ आली होती. शेवटी पाच हजारांहून अधिक मुलांपर्यंत पोहोचता आले. चाळीस लाख खर्चून बांधलेला पूल मधले दोन खांब वगळून पुरा करावा, तसा तो विचार होता. तिथल्या सरकारांची मुदत तीन वर्षांची असते, प्रबंधासारखीच.

महाराष्ट्राला हा मार्ग अनोळखी नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जे केले, ते उपयोजित विकासात्मक मानसशास्त्रच होते. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. माँटेसरीची महागडी साधने परवडत नाहीत, तर पाने, शंख, खडे आणि बिया घ्यायच्या. आधी बोर्डीला 1945 साली सुरू झालेल्या त्या कामातून पुढे अंगणवाडीची कल्पना देशभर गेली. त्यांनी जे पाहिले ते मुलांसोबत रोज राहून पाहिले. त्याची मोजदाद ठेवणारा, तीच मुले तिशीत शोधून काढणारा कुणी त्यांच्यामागे उभा राहिला असता, तर आज आपल्याकडे डनेडिनच्या तोडीची संपत्ती असती. याची खंत वाटते.

पुण्यात मात्र ते झाले. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भारपणापासून कुटुंबांचा अभ्यास सुरू केला. मूळ प्रश्न मधुमेहाचा होता. वजनाने लहान पण चरबीने भरलेली भारतीय बाळे पुढे मधुमेही का होतात? पण गर्भवतींच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता इतकी सर्रास आढळली की प्रश्न मेंदूकडे वळला. मुले नऊ वर्षांची झाली तेव्हा मातेचे बी-12 कमी असलेल्या मुलांची काही बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी कमी दिसली. तरीही हा नुसता सहसंबंध होता. गरिबी, आहार, आईचे शिक्षण, काहीही त्यामागे असू शकत होते. खात्रीसाठी चाचणी हवी होती, आणि ती घ्यायला याच अभ्यासातली मुले होती, आता किशोरवयात आलेली. 2012 मध्ये त्यांना बी-12 देण्याची चाचणी सुरू झाली. काहींना बी-12 दिले, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, काहींना नुसती साधी गोळी. त्यातल्या मुलींची लग्ने झाली, बाळे झाली. ती बाळे दोन ते साडेतीन वर्षांची असताना तपासली, तेव्हा नुसते बी-12 मिळालेल्या मातांची बाळे आकलनात आणि भाषेत साध्या गोळीच्या गटापेक्षा पुढे होती. इतर पोषकद्रव्ये जोडलेल्या गटात तसा फरक दिसला नाही. असे का, हे अजून शोधायचे आहे. आईच्या पोटात असताना ज्या मुलींची पहिली नोंद झाली, त्या या अभ्यासात आता आया आहेत, आणि त्यांची बाळे ठोकळे एकावर एक रचत, चित्रांकडे बोट दाखवत चाचणी देत आहेत. त्या तपासणीच्या वहीतला पुढचा रकाना भरायला एखादा विद्यार्थी लागेल, त्याच्या वाट्याची तीन वर्षे घेऊन.